स्मशान पार्टीचा पहिला प्रोग्राम

१ ऑक्टोबर १९७८, रविवार. सकाळी ६.४०. घमेल्यात सदरा काळा रंगवत होतो.

भज्यांच्या पुडीला इंग्रजी मासिकाचे पान निघाले. चार विलायती पोरे. काळे कपडे, पांढरी तोंडे, डोळ्यांभोवती काजळ, मागे थडगी. 'रॉक' आणि 'बॅण्ड' एवढे शब्द लागले. त्यांचे संगीत ऐकलेले नाही; पण चौघांच्याही गळ्याच्या शिरा ताठ आहेत, त्यावरून अंदाज आला. केनवडमध्ये असे काहीच नाही. म्हणजे मैदान मोकळे.

नाव: स्मशान पार्टी. तेलाच्या डब्यावर रूपला, हार्मोनियमवर ग्यानबा (भाता फाटका, उलट बरेच). गायन मी.

माय म्हणाली, "घट बसाले आले अन् काळं काहून घालून राह्यला रे?"

२ ऑक्टोबर

बाबांनी अट घातली. दसऱ्यापर्यंत कोणी वाजवण्याचे पैसे दिले तर बॅण्ड. नाहीतर जऊळक्याला रामकिसनमामाकडे, गोदामात पोती मोजायला. "मॅट्रिक नापासाले मामा ठेवून घेते, हेच लय झालं."

मी शांतपणे मान्य केले. वेळ भरपूर आहे.

४ ऑक्टोबर

विलायतेत बॅण्डबरोबर पेय असणारच. गोटी सोडा, काळे मीठ, मिरी आणि कोळशाची वस्त्रगाळ पूड. नाव 'काळरात्र'. बाजारात मांडले. रूपला एक ग्लास प्याला आणि तालमीला आला नाही.

संध्याकाळी प्रयागबाई सगळ्या बाटल्या उधारीवर घेऊन गेली. तिच्या बैलाचे पोट फुगले होते. बैल बरा आहे. विक्री शंभर टक्के.

६ ऑक्टोबर. दुपारी

तोंडाला चुना लावला. आग झाली. यापुढे ज्वारीचे पीठ.

तालीम जोरात. धनीबाई कुंपणावरून ओरडली, "कोन मेलं रे बाप्पा?" नाव लोकांच्या मनात बसू लागले आहे.

८ ऑक्टोबर

पंजाबराव पाटील स्वतः घरी आले! तालीम त्यांना दूर वावरात ऐकू गेली म्हणे. "उद्या झुंजूमुंजू वावरात या. तीन सकाळ राखलं त पंधरा रुपये. जोरात वाजवा पोट्टेहो, लाजू नका."

रूपला म्हणतो, "जगदेव, त्यायच्या ज्वारीवर राघू पडून राह्यले, म्हनून बलावलं." रूपला पाचवीपर्यंतच शिकला आहे.

९ ऑक्टोबर

स्टेज उंच, चार बल्ल्यांवर बांधलेले. पहिल्या आरोळीलाच सगळे राघू नाल्यापलीकडे गेले. पाटील म्हणाले, "वा रे पठ्ठे!" श्रोता एकच, पण शेवटपर्यंत थांबला. पुढच्या वर्षी अकोला.

१० ऑक्टोबर

राघू परत आले. बाभळीवर बसून ऐकत होते. दुसऱ्या गाण्याला खाली उतरले. तिसऱ्याला जेवत होते. पाटील म्हणाले, "आवाज बसला काय रे तुया?" बसला नव्हता.

११ ऑक्टोबर. दसरा

एक राघू रूपलाच्या डब्यावर बसला. रूपला वाजवतच होता.

पाटलांनी हात जोडले. "गड्या, यायले तुमची सवय झाली. तुमी जा. सदरे तेवढे ठेवून जा, तीन तीन रुपये देतो." सदरे काठ्यांवर चढवले, वर मडकी पालथी घातली. आम्ही उघडे धुऱ्यापर्यंत पोचतो तोच सगळे थवे उडाले.

पोशाखाचा प्रभाव मान्य झाला, असे बाबांना सांगितले. ते म्हणाले, "वाजवन्याचे किती अन् सदऱ्याचे किती, तेवढं लिवून दाखव."

लिहिले.

जमा: सदरे तीन, ९ रु.
वाजवणे: निरंक.
देणे: रूपला ३ रु., ग्यानबा ३ रु.
देणे: सोडावाला, न परतलेल्या बाटल्या, ४ रु. ५० पै.
शिल्लक: उणे १ रु. ५० पै.

उद्याचे जऊळक्याचे तिकीट बाबा काढणार आहेत. ते देण्यात धरू नको म्हणाले.