शेठची बिस्किटं

प्रिय चिमणे,

पत्राबरोबरचा डबा आधी उघडायचा नाही. पत्र वाचून संपलं की मग. तुला लहानपणापासून आधी खाऊत हात घालायची सवय आहे असं आप्पा सांगतात, म्हणून आत्ताच दटावून ठेवते. उघडला असशील तर निमूट झाकण लाव. आणि एवढं लांबलचक पत्र कशाला, फोन का नाही केला, असंही विचारू नकोस. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? ‘आप्पा जेवले का’ इथून सुरुवात आणि ‘मी येते आणि त्यांना घेऊनच जाते’ इथे शेवट. मधे मी ‘तू जेवलीस का’ म्हटलं की तुझ्या दारावरची बेल वाजते. तुझ्याकडे इतकी माणसं येतात तरी कोण, ते एकदा कळव.

डब्यात काय आहे ते सांगूनच टाकते, म्हणजे तुझा जीव तळमळायला नको. कुत्र्याची बिस्किटं आहेत. आपल्या शेठची. तोंड वाकडं करू नकोस, त्यात वाईट काही नाही. तुझ्या वहिनीने स्वतःच्या हाताने भाजलेली आहेत आणि आजवर ती खाऊन कोणाचं काही बिघडलेलं नाही. कोणाकोणाचं बिघडलेलं नाही, ते पुढे येईलच.

आई गेल्यापासून आप्पांचं जेवण म्हणजे नुसता देखावा झाला होता. त्यावरून तू मला फोनवर चार शब्द सुनावलेस. मी ते मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे घेतलं, दोन दिवस घुमी राहिले, तुझ्या दादावर विनाकारण डाफरले आणि मग सोडून दिलं. पण मी तरी काय समजणार गं? ताट तर स्वच्छ व्हायचं. वाढलेलं सगळं संपायचं. कपडेही अंगावर नीट बसायचे. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, त्याची पँट कधी ढगळ दिसेल का? एकदा धुवायला टाकलेली पँट उलटी केली तेव्हा माझे डोळे उघडले. कंबर दोनदा आत घेतलेली, आणि तीही हाताने, इतक्या बारीक टाक्यांनी की बाहेरून ताकास तूर लागू नये. मशीनवर घेतली असती तर आम्हाला आवाज आला असता ना. मशीन तर आई गेल्या तेव्हापासून चादरीखालीच होतं.

मग ताटातलं जात होतं कुठे? शेठकडे बघितलं असतंस तर तुला लगेच कळलं असतं, मला मात्र कळायला बरेच दिवस लागले. तो दिवसेंदिवस फुगत चालला होता. जिना चढताना मधल्या वळणावर बसून दम खायचा आणि कोणी उचलून नेतं का म्हणून बघायचा. आप्पांनी त्याला शिवलेलं थंडीतलं जाकीट पोटावर बंद होईना. शेवटी आप्पा, तुझा दादा आणि मी त्याला प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथली डॉक्टरीण वयाने लहान, पण आवाज असा की शेठबरोबर मीसुद्धा ताठ बसले. वजनाच्या पत्र्यावर शेठ एकटा उभाच राहीना, पाय थरथरायला लागले. मग आप्पा वर चढले, तसा हा त्यांच्या पायांत जाऊन उभा राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हरकत नाही, दोघांचं मिळून लिहून ठेवते, आजोबांचं वजन काही बदलायचं नाही, पुढच्या वेळी जो फरक पडेल तो शेठचाच. आपल्या आप्पांनाही ते पटलं. स्वतःच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात ते इथे हूं की चूं न करता काट्यावर उभे होते.

याला ताटातलं कोण घालतं, असं बाईंनी विचारलं तेव्हा आम्ही तिघांनीही माना हलवल्या. शेठने मात्र सरळ आप्पांकडे बघितलं. त्या दिवसापासून ताटातलं बंद. मीठ, साखर, तळलेलं काही नाही. कांदा, बेदाणे, चॉकलेट तर चुकूनही नाही, विषच ते कुत्र्यांना. द्यायचंच असेल काही तर घरी भाजलेलं, मोजकं. दुकानातल्या कुत्र्यांच्या बिस्किटांच्या पुड्यांवरचं बारीक छापलेलं मी वाचून बघितलं होतं. औषधांच्या दुकानात जन्म गेलाय माझा, बारीक अक्षरांना मी घाबरत नाही. निम्म्या गोष्टी वाचून मी पुडा होता तिथे परत ठेवला आणि ओट्स दळून आणले.

पहिला घाणा कसा झाला ते तुझा दादा आल्यागेल्याला अजून सांगतो. मी ट्रे ओट्यावर ठेवला होता, याने न विचारता एक उचललं आणि चहात बुडवलं. म्हणतो, चहा संपला पण बिस्कीट भिजलं नाही. दुसऱ्यांदा लाल भोपळा वाफवून कालवला, तर पाणी जास्त होऊन पीठ लाटण्याला चिकटलं आणि मी पिठाला. तिसऱ्यांदा जमलं. ओट्सचं पीठ, भोपळा, एक अंडं, किसलेलं गाजर. पातळ लाटायचं, चौकोन कापायचे आणि मंद आचेवर कडा तांबूस होईपर्यंत भाजायचे. घरभर इतका छान वास सुटला की मी स्वतःवरच खूश झाले.

आणि शेठ? त्याने वास घेतला, समोर बसला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बिस्कीट पायाशी, हा आपला बघतोय. लाळ गळतेय, शेपूट जमिनीवर आपटतेय, पण तोंड लावील तर शपथ. मी चुचकारलं, रागावले, बशीत चुरून दिलं, नाही म्हणजे नाही. मी हात टेकले. डबा आप्पांच्या खोलीत खिडकीत ठेवून दिला आणि म्हटलं, तुमचा शेठ, तुम्हीच बघा, माझ्याकडून आता व्हायचं नाही.

चारआठ दिवसांत डबा रिकामा व्हायला लागला. माझा जीव भांड्यात पडला. शेठला शेवटी अक्कल आली म्हणून मी उत्साहाने आणखी भाजायला घेतली. मग आप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायला लागले. म्हणायचे, शेठला गाजर जरा जास्त वाटतंय. दुसऱ्या दिवशी, सफरचंद घालून बघ, शेठला आवडेल. एकदा तर अगदी साळसूदपणे म्हणाले, चिमूटभर मीठ चालेल का, शेठला अळणी लागतंय. मी म्हटलं, डॉक्टरांनी नको सांगितलंय. तर इतकं तोंड पाडून गेले की मला शेठची दया आली. बघ, म्हणजे मी किती मठ्ठ! कुत्र्याला गाजर जास्त झालं हे माणसाला कसं कळलं, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलो. आप्पा आणि शेठ जोडीने पत्र्यावर उभे राहिले आणि काटा मागच्या वेळी होता तिथेच येऊन थांबला. जराही इकडे नाही की तिकडे नाही. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या आणि माझी शाळाच घेतली. मी डोळ्यात तेल घालून राखलेला कुत्रा, आणि बोलणी मला! पण शेठच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता त्या मधेच थांबल्या. याच्या फासळ्या हाताला लागतायत, म्हणाल्या, पट्टाही दोन भोकं आत गेलाय, हा तर चांगला उतरलाय. याला एकट्याला उभं करा बघू.

एकटा तो कसला उभा राहतो! मी पिशवीतून बिस्कीट काढून पत्र्यावर ठेवलं. शेठ खाली बसला आणि आप्पांकडे बघायला लागला. बाई बघतायत, मी बघतेय, रांगेतली मांजरवाली बघतेय. आप्पांनी छताकडे बघितलं, खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं. मग वाकून ते बिस्कीट उचललं, त्याला रुमालाची घडी लावून कचकन निम्मं तोडून चावलं आणि उरलेलं निम्मं खाली ठेवलं. शेठ तुरुतुरु पत्र्यावर गेला, खाल्लं आणि तिथेच शेपूट हलवत उभा राहिला. काटा बघितला तर गडी चांगला हलका झालेला. मग मिळून वजन तेवढंच कसं, असं त्या बाई म्हणाल्या आणि आम्ही सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा तोंडातलं चावत होते, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना.

रस्त्यात त्यांनी आपण होऊन सांगितलं. आई शेठला काहीही द्यायच्या तर आधी स्वतः तोडायच्या. पदर मधे धरून, चिमणीच्या दातांनी, तुला लहानपणी द्यायच्या अगदी तसंच. तू म्हणे खाऊचा कण तसा तोडून दिल्याशिवाय तोंडात घ्यायची नाहीस, म्हणूनच तर तुझं नाव चिमणी पडलं. मी एवढी वर्षं समजत होते की तुझ्या आवाजावरून पडलं. तर शेठला तीच सवय. समोरच्याने आधी खाल्लं की मग आपण खायचं. आई गेल्यावर आप्पा त्याला ताटातलं सगळं सरकवत होते, आणि तेव्हाही आधी एक घास स्वतः घ्यायला लागायचाच. तेवढ्या एका घासावरच ते जगत होते गं. बिस्कीट आलं आणि वाटणी निम्मी-निम्मी झाली. आप्पा म्हणाले, मी नाही खाल्लं तर तो उपाशी राहतो, मी काय करणार? जसा काही मोठा गुन्हा कबूल करत होते.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून रडले. आनंदानेच रडले, पण चांगली रडले. मग तोंड धुतलं आणि डबल घाणा लावला. आता मी आप्पांची वेगळी भाजते, त्यात मीठ असतं आणि पीनट बटरही, पण शेठपुढे खायचं बिस्कीट अजून तेच, अळणी. आणि शेठने आता पहारा वाढवलाय. आप्पांनी जेवणाला सुरुवात केल्याशिवाय तो स्वतःच्या भांड्याला तोंड लावत नाही. समोर बसून राहतो. परवा आप्पा सूप पुढे ढकलून उठायला लागले, तर हा असा काही उसासा टाकून आडवा झाला की आप्पा परत बसले आणि वाटी संपवली. तुझ्या दादाला आणि मला महिनोन्महिने जे जमलं नाही ते या चारपायी सासूने करून दाखवलं.

आणि खरी बातमी पुढेच आहे. काल दुपारी मी कामावरून आले तर आतून मशीनचा आवाज. पायातली चप्पल न काढता तशीच खोलीपर्यंत गेले. तुझा दादा आधीच दारात उभा होता, बोट ओठांवर ठेवून. चादर घडी करून खुर्चीवर, आप्पा चष्मा लावून वाकलेले, शेठ पायाशी. शेठच्या जाकिटाची शिवण आत घेऊन झाली होती आणि मशीनवर आप्पांची स्वतःची पँट होती. कंबर उसवून सैल करत होते.

आता मुद्द्याचं. तू ऑफिसातल्या समारंभाचा फोटो पाठवलास ना, तो मी काल संध्याकाळी आप्पांना दाखवला. मी म्हटलं, बघा, चिमणी किती छान हसतेय. त्यांनी फोटो मोठा करायला सांगितला. तू त्यांनी शिवलेला निळा कोट घातला आहेस. बराच वेळ बघून म्हणाले, खांद्याची शिवण खाली उतरलीय, हे माझं माप नाही, हिला विचार ही जेवते का. मग मला एकेक आठवायला लागलं. तुझी ती दारावरची बेल, ‘माझं सोड, आप्पांचं सांग’, सगळंच. आई गेल्याचं दुःख एकट्या आप्पांचंच नाही, तुझंही आहे, हे आम्हाला कळायला हवं होतं. तर हे पत्र आप्पांनी मला लिहायला बसवलं आहे, आणि डबाही त्यांनीच भरला आहे. त्यांना न्यायला म्हणून येऊ नकोस, आमच्यात राहायला म्हणून ये, खांद्याचं माप ते इथेच घेतील म्हणतात. आणि आता डबा उघड. सगळ्यात वरचं बिस्कीट निम्मंच असेल, पार्सलवाल्यावर संशय घेऊ नकोस. आप्पांनी रुमाल मधे धरून चिमणीच्या दातांनी तोडलंय, त्यामुळे उष्टं म्हणायची सोय नाही. त्यांनी त्यांचं खाल्लं आहे, मी बघितलंय. उरलेलं निम्मं तुझं. बेल वाजली तरी उठायचं नाही.

तुझीच,
वहिनी