जुळलं ते

म्हैसूर

चि. फत्तेसिंग,

तू कराडला सुखरूप पोचलास, हे इंदूवहिनीनं फोनवर सांगितलं. मला मूत्रपिंड द्यायला एवढ्या लांब आलास आणि तपासणीत नापास झालास, म्हणून अजून रडतोस म्हणे. रडू नकोस. मी तुला खरं सांगितलं नाही.

सोनोग्राफी करता करता डॉक्टरीणबाई तुझ्या कुशीपाशी थांबल्या. पुन्हा पुन्हा तिथंच यंत्र फिरवलं, मग पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या मूत्रपिंडात द्राक्षांच्या घडासारखे पाण्याचे फोड आहेत ना, ते तुझ्यातही होते. दोन्हीकडे. अजून बारीक आहेत, एवढंच.

"इवरिगू अदे इदे," त्या म्हणाल्या. यांनाही तेच आहे. लहानपणीच कराडच्या काकांना दत्तक गेलास, तुला कन्नड कुठलं येणार? त्याच म्हणाल्या, तुमच्या मराठीत तुम्हीच सांगा, आणि यांच्या मुलांनाही तपासायला सांगा.

पोट पुसत तू विचारलंस, "अक्का, काय म्हणाल्या?"

"जुळत नाही म्हणतात," मी म्हटलं.

तुझ्या लेकीचं लग्न तोंडावर आलंय. रोज लिहायला बसते आणि कागद उशीखाली सारते. हाही तिथंच जाईल.

गाडी हलताना तू खिडकीतून हसत म्हणालास, "दत्तक गेलो म्हणून रक्तसुद्धा बदललं का गं अक्का?"

नाही रे बाळा. बदललं असतं तर किती बरं झालं असतं.

तुझी सख्खी,
गोदाक्का