शेगडीची तार आखूड केली

मंगळवार, ११

बायको माहेरी गेली. तणतणत! ‘तुझं लग्न शिलाई मशीनशी लागलंय, माझ्याशी नाही.’ परत कधी येणार विचारलं, तर म्हणाली, ‘बघू.’ तिचं हे ‘बघू’ काही बरं नाही.

तिचा राग कशावर आहे ते मला कळतं — विजेच्या शेगडीवर. चहाला अर्धा तास! दिवसभर कारखान्यात मोटारींना तार गुंडाळून येणारी बाई, आणि घरी आधण उकळता उकळत नाही. त्यात आज शेगडीची तारच तुटली. आता मीच दुरुस्त करतो, म्हणजे येईल. शिंप्याला काय अवघड?

बुधवार, १२

जळकं टोक कापलं, उरलेल्या टोकांना पीळ दिला. तार वीतभर आखूड झाली आणि चहा चटकन झाला! म्हणजे इतके दिवस ती ढगळ होती. मापातच खोट. उद्या आणखी आत घेतो.

गुरुवार, १३

आणखी वीतभर कापली. तार लालभडक! दूध उतू गेलं, भात करपला, माझी भुवई थोडी गेली. मी खूश. सुईपलीकडे मला काही येत नाही म्हणे!

शुक्रवार, १४

फ्यूज सारखा उडतोय. उघडून बघतो तर आत केसासारखी तार. जाड कापडाला जाड दोरा लागतो, हे शेंबडं पोरही सांगेल. कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा बसवला. आता उडून दाखव म्हणावं.

शनिवार, १५

फ्यूज नाही उडाला. भिंतीतली वायर जळली.

जिनाभर धूर. वरच्या काकांनी मेन स्विच बंद केला म्हणून वाचलो. काकूंनी बादलीभर पाणी आणलं आणि सगळं माझ्यावर ओतलं! वर बायकोला फोनही लावून दिला.

बायको कडाडली, ‘अरे शहाण्या, तार लांब आणि बारीक असली की वीज अडते. आखूड केलीस, जाड केलीस, की मोकाट धावते! फ्यूजची तार मुद्दाम बारीक असते. ती जळावी, घर जळू नये म्हणून!’

‘तू लवकर यावंस म्हणून केलं गं,’ एवढंच म्हणालो. तिने फोन ठेवला. मला रडूच आलं.

रविवार, १६

आली! पिशवीही खाली न ठेवता शेगडी उलटी केली. म्हणाली, ‘यात जास्त लांबीची तार मीच घातली होती. चहा होईपर्यंत तरी तू मशीन सोडून माझ्याजवळ बसतोस.’

मग विचारलं, ‘नवी किती लांब घालू?’

म्हटलं, कारखान्यात असेल तेवढी सगळी.