काचेमागचा पिवळा रुमाल

सोमवार, ४ मे. बोक्याची खोली.

माझं आयुष्य बदललं ते पाच वर्षांपूर्वी, परदेशातल्या याच शहरात, प्रॅक्टिकलच्या तासाला. डोळे तपासण्याचा कोर्स. आम्ही पोरं एकमेकांवरच हात साफ करायचो. माझे डोळे तिच्या वाट्याला आले. तिने ती जड, गोल ट्रायल फ्रेम माझ्या नाकावर चढवली, भिंग सरकवलं आणि विचारलं, आता कसं दिसतंय? समोर तिचा चेहरा. पापण्यांसकट. वर्षभर जिच्यावर मरत होतो ती दिसते कशी, ते त्या दिवशी कळलं.

पुढचं लिहीत नाही. बरं, लिहितो. तिने माझा नंबर मोठ्याने वाचला आणि म्हणाली, हा काय दुसऱ्यांचे डोळे तपासणार! वर्ग हसला. मी फ्रेम आपटली, कॉलेज सोडलं, विमानात बसलो. पिवळा रुमाल तिच्या बाकावर राहिला. मुद्दाम ठेवला नव्हता. पण बरं झालं.

आता परत आलोय. घरी दादाला वाटतंय, कोर्स पुरा करायला. शुक्रवारी अकराला प्राचार्यांनी बोलावलंय. हुकलं तर प्रवेश कायमचा बंद. ते होईलच. खरं काम वेगळं आहे. तिने इथेच चष्म्यांचं दुकान काढलंय. ही बातमी बोक्याची. बोका म्हणजे माझा जुना रूममेट.

चष्मा अजून लावत नाही. त्या दिवशी विमानातच तशी शपथ घेतली होती. शब्द म्हणजे शब्द.

मंगळवार, ५ मे

दिवसभर रस्ता चुकलो. या शहराने पाट्या बारीक केल्यात. बोका म्हणाला, पाट्या त्याच आहेत रे राजा, तुझे डोळे... मी ताटावरून उठलो. थोड्या वेळाने परत बसलो. भूक लागली होती.

बुधवार, ६ मे

सापडलं! दुकानासमोरच बसस्टॉपचा बाक. आज नुसतं बघायचं, असं ठरवून बसलो. दहाला शटर वर गेलं, काचेमागे ती आली आणि तिने हात केला. मला! हातात काहीतरी पिवळं. रुमाल. माझा रुमाल!! पाच वर्षं जपलाय. मीही हात केला. तिचा आणखी जोरात हलू लागला. तेवढ्यात एक बस उगाच थांबली. ड्रायव्हरने विचारलं, चढताय का? हाकलला त्याला.

बोका म्हणतो, अरे मग आत जा ना मर्दा, बाकावर काय अंडी उबवतोयस? याला काय कळणार. आधी तिने बोलवायला हवं. मलाही काही मान आहे.

गुरुवार, ७ मे

आज दोन्ही हातांनी! मग तोंड काचेजवळ आणलं आणि... फ्लाइंग किस. काच धुरकट झाली. केवढी ती ओढ! मी उभं राहून दोन्ही हात हलवले. बस थांबली. ड्रायव्हरने माझा उद्धार केला. आज सगळ्यांना माफी.

शुक्रवार, ८ मे

तिला हात करून तडक कॉलेजात, असा चोख बेत होता. नेमकं आजच दुकान उशिरा उघडलं. न भेटता गेलो असतो तर तिला काय वाटलं असतं? दादाचा फोन. पोचलास का? म्हणालो, दारातच आहे. कुठल्या दारात, ते त्याने विचारलं नाही, त्याला मी काय करू?

साडेअकराला ती आली. हात केला. थांबलो ते सोन्यासारखं झालं. प्राचार्यांकडे उद्या जाईन. त्यांनाही मन असेलच.

शनिवार, ९ मे

नाहीये. फाइल बंद. मी टेबलावर मूठ आपटली. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, तुमचं आपटणं आम्हाला पाच वर्षांपूर्वीचं आठवतंय. असू दे. पदवी बघून कोणी प्रेम करतं का? सोमवारी थेट आत. डोळे तपासायचं निमित्त.

सोमवार, ११ मे

गेलो.

तिने ओळखलं. अय्या, फ्रेम-आपट्या, तू! असं ओरडलीच. अंधाऱ्या खोलीत बसवलं, फ्रेम चढवली. हे चांगलं, की हे? मी म्हणालो, पूर्वीचंच चांगलं होतं. नाटकं करू नकोस, खालची ओळ वाच, म्हणाली. नंबर चांगलाच वाढलाय.

मग लांबचं बघायला फ्रेमसकट बाहेरच्या काचेपाशी नेलं. समोरचा बाक दिसला. स्टॉपवरचे बसचे नंबरसुद्धा. ती म्हणाली, त्या बाकावर हल्ली एक येडा येऊन बसतो बघ. रोज हात दाखवून बस थांबवतो आणि चढतच नाही. कोणाचा कोण, बिचारा.

बोलता बोलता तिला काचेवर डाग दिसला. तोंड जवळ नेऊन तिने हाऽ केलं आणि पिवळ्या फडक्याने पुसायला लागली. वर, खाली. वर, खाली. फडक्यावर चष्म्याच्या कंपनीचं नाव छापलेलं. इतकं स्वच्छ मी आयुष्यात काही वाचलं नव्हतं.

मी विचारलं, माझा रुमाल? ती म्हणाली, कुठला रुमाल?

मग म्हणाली, कोर्स पुरा करायला आलायस ना? कर रे. आम्ही हसलो ते हसलो, पण तुझा हात फार हलका होता. कोणाच्या डोळ्याला कधी तुझं बोट लागलं नाही.

हो, तिकडेच चाललोय, म्हणालो.

फ्रेम काढली. आपटली नाही. तिच्या हातात दिली. सगळं पुन्हा धूसर झालं. काचेच्या दाराला आतून पंजा लावून ते ढकललं आणि बाहेर आलो. आतून लगेच पिवळं हलायला लागलं, अगदी बुधवारसारखं.