काकवीची चोरी

माघ वद्य तृतीया, शके १८५५. शहादे.

हसून हसून पोट दुखतंय. महिनाभर मुंबईच्या कारखान्याची नोटीस उशाशी घेऊन झोपलो. म्हणे घंटा ओतताना साच्याच्या वाळूत काकवी कालवायची रीत त्यांच्या पेटंटातली, तुमची भट्टी बंद करा. आमची काकवी! वकील म्हणाले, पेटंटाआधी दुसरं कुणी असंच ओतत होतं, हे लेखी आणा.

दुसरं कोण, तर तळोद्याचा नथू ओतारी. त्याच्या बापानं आमची रीत चोरली म्हणून वीस वर्षं दोन्ही घरांत एकमेकांकडचं पाणीसुद्धा चालत नाही. तरी आज गेलो.

नथूनं ऐकून मांडीवर थाप मारली. "मन्हा बाप चोर व्हता, लिखी देस मी! पन तू बी लिख, तुन्हा आजानी ती रीत मन्हा आजाकडतीन चोरेल व्हती."

हे मला ठाऊक नव्हतं? आजोबांनीच हळूच सांगितलं होतं. मग इतकी वर्षं कुठल्या तोंडानं भांडलो?

दोघांनी सह्या केल्या. पुरावा आता आज्यांच्या काळापर्यंत गेला, वकील खूश होणार. मग नथूच्या बायकोनं भाकरीवर काकवी वाढली. संपल्यावर आणखी मागितली.

आमच्या दोन घरांत काकवी मागून घेणारा मीच पहिला.