सिरॅमिक ब्रेक नकोत

प्रिय ठमे,

माझ्या साठीला तू आणि जावईबापू मिळून गाडीला सिरॅमिक ब्रेक बसवून देणार म्हणे. लोकांच्या मुली आईला मसाजची खुर्ची देतात, माझी ब्रेक देते! ऊर भरून आला गं. पण नको. फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस, म्हणून लिहितेय.

ब्रेकना मी उगाच नावं ठेवणार नाही. रेसच्या ट्रॅकवर फेऱ्या मारून मारून आपल्या लोखंडी डिस्क तापल्या की पेडल कितीही दाबा, गाडी सावकाशीनं थांबते. सिरॅमिकला त्या उष्णतेचं काही वाटत नाही. वजनाला हलके, चाकांवर काळी भुकटी नाही, आणि रस्त्यावरच वापरले तर वर्षानुवर्षं टिकतात. पण मी ट्रॅकवर जाते कधीमधी. एरवी बाजार, बँक आणि तुझ्या लेकीची शाळा. तेवढ्यासाठी सिरॅमिक म्हणजे मुंगी मारायला तोफ. त्यातून चाक काढताना कुणी धसमुसळेपणा केला आणि डिस्कची कड उडाली, तर अख्खी डिस्क नवी घ्यायची.

तुला हे सुचलं ते माझ्या रडगाण्यामुळे. ब्रेक उशिरा लागतात, ब्रेक उशिरा लागतात, असा मी धोशाच लावला होता. ऑइल बदललं, पॅड बदलले, चांगल्या टायरांना शिव्या घातल्या. शेवटी मेकॅनिक वैतागला आणि मला शेजारी बसवून स्वतः गाडी घेऊन निघाला. गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यानं असा ब्रेक लावला की पट्टा माझ्या खांद्यात रुतला. मग मी चालवली. तोच वेग, त्याच खांबाशी ब्रेक, आणि गाडी पार पुढे जाऊन थांबली. त्यानं हँडब्रेक ओढला. मग म्हणाला, "मावशी, ब्रेक ठणठणीत आहेत. एकदा पाय दाखवून घ्या." असा राग आला मला! त्यानं मागवलेला चहासुद्धा न घेता निघाले.

पण बुधवारी पाय दाखवला. डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला लावले. मी विचारलं, सुरू कधी करणार? तर त्यांचं तळव्याला सुई टोचून झालं होतं. साखरेनं उजव्या तळव्याची जाणीव गेलीय. पेडल किती दाबलंय तेच मला कळत नाही. गाडी चालवायची नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

एवढी हट्टी मी, बुधवारी मुकाट गेले कशी, ते सांगायला हे पत्र. मंगळवारी शाळेतून येताना तुझी लेक मागे बसली होती. एक आजोबा रस्ता ओलांडत होते. मी ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं मला वाटलं. गाडी थांबली ती त्यांच्या काठीला टेकून. पोरगी खिदळली, तिला वाटलं आजी गंमत करतेय.  तुला सांगितलं असतं तर तू तिला माझ्याबरोबर पुन्हा पाठवली नसतीस, आणि तेच बरोबर झालं असतं. आता तिला शाळेतून तूच आण. गाडी विकू नका, ते मला सोसणार नाही. रविवारी ये आणि घेऊन जा. जाण्याआधी मला शेजारी बसवून नदीकाठच्या वळणांवरून एकदा जोरात फिरव. मी रडले तर गाडी थांबवू नकोस.

तुझीच,
आई