बॅकनं मारलेली फ्री किक

परभणी, शुक्रवार, संध्याकाळ

घरी येऊन आधी हेच लिहायलोय. आज मी गोल केला! मी, बॅकला खेळणारा, ज्यानं समोरचा गोल कधी जवळून पाहिलाही नव्हता.

सोनपेठच्या पोरांशी बरोबरी चालली होती. शेवटी शेवटी त्यांच्या एकानं आमच्या कप्तानाला, रशीदभाईंना पाडलं. फ्री किक मिळाली. ती नेहमी तेच मारतात, पण त्यांचा घोटा सुजलेला. लंगडत आले आणि चेंडू माझ्या हातात दिला.

"बसलिंग, तू मार."

"मी? मी तर बॅक हाय!"

"रोज सकाळी लिंबाच्या झाडावर मारतोस, मैं देखता नैं क्या? डरू नको."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! मला वाटायचं, कुणी बघत नाही.

चेंडूच्या तोंडाला बांधलेली चामड्याची वादी मी मुद्दाम पलीकडं वळवली. अनवाणी पायाला ती लय लागते. पळालो, मारला. वादी हवेत गरगरताना दिसली, की नुसता भास? चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट गोलाच्या दोन बांबूंच्या आत शिरला.

पुढचं नीट आठवत नाही. रशीदभाईंनी मिठी मारली. आणि गर्दीत चक्क अप्पा! माझ्या खेळाला रिकामे धंदे म्हणणारे अप्पा दुकान बंद करून आले होते आणि टोपी हलवत अनोळखी माणसाला सांगत होते, "माझा हाय तो! माझा पोरगा हाय!"

घरी आल्यावर मात्र टोपी खुंटीला अडकवली. जेवताना माझ्याकडं न बघता आईला म्हणाले, "ह्याला तूप जास्त वाढ."